पिलरमधले शिंपले

२०२१च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमचा पोपडा पडला. काकू त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. पोपडा म्हणजे रंगाचा पापुद्रा नव्हे, चांगला ताटाएवढा, दोन बोटं जाडीचा काँक्रीटचा तुकडा. तो पलंगावर पडला आणि घड्या घालून ठेवलेल्या साड्यांवर तांबडी धूळ पसरली. वर पाहिलं तर सळया उघड्या. स्टुलावर चढून मी एका सळईला बोट लावलं, तर खारी बिस्किटासारखे पदर सुटून हातात आले. त्या बेडरूमच्या एका कोपऱ्यावर, बरोबर वर, आमचं बाथरूम आहे.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला. तळमजला अधिक चार मजले, वीस फ्लॅट, लिफ्ट नाही, १९८८ सालची. मी पहिल्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तेही हिशोब येतात एवढ्याच भांडवलावर. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढची दोन वर्षं रोज धूळ खाल्ल्यावर थोडं कळायला लागलं, आणि जे कळलं ते आधी वाटत होतं त्यापेक्षा वेगळं निघालं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात सगळीकडे होते तशीच झाली. प्लंबर आला, म्हणाला नहाणी लीक आहे. वॉटरप्रूफिंगवाला आला, त्याने केमिकलचं इंजेक्शन सांगितलं. रंगारी म्हणाला पुट्टी भरून ऑइलबॉण्ड मारतो, कळणार पण नाही. ज्याच्या पिशवीत जे हत्यार, त्याला तोच रोग दिसत होता. पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली काढल्या तर प्रत्येक पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे प्लास्टर मारल्याची बिलं होती. म्हणजे इमारत किती वर्षं बोलत होती आणि आम्ही तिच्या तोंडावर पुट्टी फासत होतो.

मीटिंगमध्ये पहिला तासभर एकच विषय चालला, खर्च कुणाचा. नियम तसा साधा आहे. वरच्या घराच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर खर्च सभासदांचा, गच्चीतून गळत असेल तर सोसायटीचा. पण गळतंय कुठून हे ठरवायचं कुणी? मी सेक्रेटरी म्हणून मोठ्या आवाजात दुसऱ्या मजल्यावर बोट दाखवलं होतं, कारण माझ्याही छताला ओल होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला ते गिळावं लागलं.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, विषय निघाला तेव्हा लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरं तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधीतच लिहिलंय की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं. शिवाय महापालिकाही ३० वर्षं झालेल्या इमारतींना नोटीस काढते. आमच्या इमारतीला ३३ वर्षं होऊन गेली होती आणि ऑडिट एकही झालं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "उगाच डॉक्टरकडे गेलं की रोग निघतो." हशा झाला. पण पुढच्याच आठवड्यात जिन्यातल्या बीमचा टवका त्यांच्या पायाशी पडला आणि ठराव एकमताने पास झाला.

कन्सल्टंट म्हणून ज्या मॅडम आल्या त्या चाळिशीच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मागितले ते मंजूर नकाशे आणि आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, ड्रॉइंग. आमच्याकडे मंजूर नकाशाची एक झेरॉक्स होती, तिची पण झेरॉक्स झालेली, अर्धी पुसलेली. आरसीसीचं काहीच नाही. बिल्डरची भागीदारी फर्म केव्हाच मोडलेली, भागीदारांपैकी हयात कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, मग पेशंटचे जुने कागद नाहीत असं धरूनच चालू या." त्यांच्या हाताखालची दोन मुलं आठ दिवस टेप घेऊन घराघरात फिरली आणि कॉलम, बीम मोजून नवीन नकाशा काढला. घराचा कॉलम कुठे आहे हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना तेव्हा कळलं. बाकीच्यांनी कपाटामागे झाकला होता.

मग तपासण्या. एका लहान हातोडीने मॅडम प्रत्येक कॉलमवर टकटक करत गेल्या. टणक आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर खडूने फुली. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये संध्याकाळपर्यंत फुल्याच फुल्या झाल्या. रिबाउंड हॅमर नावाचं पिस्तुलासारखं यंत्र काँक्रीटवर दाबलं की आकडा दाखवतं. आमचे आकडे चांगले येत होते म्हणून मी खूश झालो, तर मॅडम म्हणाल्या, जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होते, त्यामुळे हा आकडा फसवतो. आतलं बघायचं तर कोअर काढायला हवेत. तीन कॉलममधून मुळ्याच्या तुकड्यासारखे तीन गोल ठोकळे ड्रिलने काढले. प्रयोगशाळेत ते दाबून फोडल्यावर त्यांची ताकद चौरस मिलिमीटरला ९, ११ आणि १३.५ न्यूटन निघाली. त्या काळी साध्या घरांना एम-१५ काँक्रीट चालायचं, म्हणजे १५ हवी होती. आज एम-२०च्या खाली आरसीसी करता येत नाही.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती गुलाबी रंगाची परीक्षा. कॉलमचा कोपरा थोडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं पाण्यासारखं द्रावण फवारलं. काँक्रीट चांगलं असेल तर ते अल्कधर्मी असतं, आणि फवाऱ्याने लगेच गर्द गुलाबी होतं. आतली सळई त्या अल्कधर्मातच सुरक्षित राहते. आमच्या कॉलमला फवारलं तर बाहेरचा सव्वा इंचभर भाग पांढराच राहिला. गुलाबी रंग सुरू झाला तो सळईच्याही मागे. म्हणजे सळई केव्हाच उघड्यावर पडली होती. बाहेरून मात्र रंग दिलेला, त्यावर पार्किंगचे नंबर लिहिलेले.

अहवाल आला तो सी-२बी. सी-१ म्हणजे लगेच खाली करा, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच मोठी दुरुस्ती करा. नळाला पाणी आल्यासारखे सगळे सुटकेचा श्वास टाकत होते. मी आकडा वाचला आणि गप्प बसलो. फ्लॅटमागे एक लाख नव्वद हजार. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, पाव टक्का दरसाल गोळा करायचा असतो. आम्ही तो १९९०च्या खर्चावर अजून गोळा करत होतो. मागच्या कमिट्यांनी तो वाढवला नाही, कारण वाढवणारी कमिटी पुढच्या निवडणुकीत पडते. त्या कमिटीत मीही एकदा होतो.

नोव्हेंबर २०२२मध्ये काम सुरू झालं. आधी तळमजल्याला लोखंडी जॅक लावले, मग ब्रेकर चालू. पहिला कॉलम फोडला त्या दिवशी मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. मनात बिल्डरला शिव्या तयार होत्या. प्लास्टर निघालं, काँक्रीट निघालं, आणि कॉलमच्या तळाशी, फरशीपासून वीतभर उंचीवर, गवंड्याच्या छिन्नीला काहीतरी मऊ लागलं. त्याने ओढून बाहेर काढलं. गोणपाटाचा बोळा होता. त्याच्या आजूबाजूला खडी नुसती, एकमेकीला टेकलेली, मध्ये सिमेंटच नाही, लाह्यांच्या लाडूसारखी. बोट आत जात होतं.

मुकादम विजापूरकडचा, साठीचा, वयाच्या सोळाव्या वर्षापासून याच पट्ट्यात कामं केलेला. त्याने गोणपाट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि हसला. "साहेब, फळ्या नीट बसत नव्हत्या तेव्हा. तळाला फट राहायची. दूध बाहेर जाऊ नये म्हणून सिमेंटची रिकामी गोणी कोंबायचो. मग काढायची राहते." फळ्या म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, दूध म्हणजे सिमेंटचं पातळ पाणी. ते वाचवायला गोणी कोंबायची आणि तीच आत जाऊन पोकळी करायची. शिवाय मसाला वरून, पुऱ्या मजल्याच्या उंचीवरून कॉलममध्ये ओतायचे. खडी आधी तळाला जाते, दूध वर राहतं. माल हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर एकच आणि तो स्लॅबवर. कॉलमला बांबूने ठोसायचं. किती ठोसायचं, तर दुपारच्या जेवणापर्यंत जमेल तेवढं.

त्याच ढिगाऱ्यात मला शिंपले दिसले. नखाएवढे, पांढरे, काही अख्खे. मला वाटलं कुणी टाकले असतील. मॅडमनी एक तुकडा उचलला. "ही खाडीची रेती आहे," म्हणाल्या. आमच्या भागात हे कुणाला नवीन नाही. डोंबिवलीला मोठागावचं रेतीबंदर आहे, मुंब्र्याला रेतीबंदर आहे, नावातच सगळं आलं. होडीतून रेती यायची आणि ट्रकने साइटवर. खाडीचं पाणी खारं, रेतीला मीठ. ती गोड्या पाण्याने धुवावी लागते. आणि नळाला पाणी एक तास येणाऱ्या गावात रेती धुवायला गोडं पाणी कोण देणार? मीठ काँक्रीटच्या आत बसून राहतं आणि ओल मिळाली की सळईला खायला लागतं. काँक्रीटमध्ये क्लोराइड किती चालेल याचीही मर्यादा आहे, घनमीटरमागे ०.६ किलो. आमचं किती होतं ते प्रयोगशाळेने लिहून दिलंय, ते मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं नाही, वाचून उपयोग काय.

गंजाचं गणितही मला तेव्हा समजलं. लोखंड गंजलं की ते कमी होतं असं आपण धरतो. कमी होतंच, पण गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. काकूंच्या पलंगावर पडलेला पोपडा पाण्याने पाडला नव्हता, सळईने आतून ढकलला होता. त्यातून आमची सळई टॉरची, म्हणजे थंड अवस्थेत पीळ दिलेली. त्या काळी सगळीकडे तीच वापरायचे. ती गंजाला लवकर बळी पडते हे नंतर कळलं आणि टीएमटी, म्हणजे तापलेली असताना पाण्याने झटकन थंड केलेली सळई, आली. त्या वेळच्या इंजिनिअरला टॉर वापरली म्हणून दोष द्यायचा तर सगळ्या महाराष्ट्राला द्यावा लागेल.

सळईवर काँक्रीटचं जे आवरण हवं त्याला कव्हर म्हणतात. कॉलमला ४० मिलिमीटर हवं. आमच्याकडे कुठे ४०, कुठे १८, आणि एका कोपऱ्यावर तर फक्त प्लास्टर. मी मुकादमाला विचारलं की एवढं कसं चुकतं. तो म्हणाला, कव्हरला सिमेंटचे छोटे ठोकळे लागतात, ते आधी पाडून, पाणी मारून ठेवावे लागतात. ठोकळे नसले की खडीचा तुकडा सरकवायचा. माणूस सळईवर चढला की खडी निसटते. स्लॅबच्या दिवशी चाळीस माणसं सळईवरूनच चालतात.

हे नीट बघायला मिळालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या छज्जाला. खिडकीवरचा छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. हात पुढे करून त्यावर बादली ठेवली तर ताण कुठे येतो? वरच्या बाजूला. म्हणून छज्जाची मुख्य सळई वर हवी. आमचा छज्जा फोडला तर सळई चक्क खालच्या बाजूला, तळापासून अर्ध्या इंचावर. ड्रॉइंगमध्ये ती वरच असणार, बांधणाऱ्याने वरच बांधली असणार. घमेली घेऊन जाणाऱ्या बायका तिच्यावरून गेल्या आणि ती दबत दबत खाली बसली. कुणी मुद्दाम केलं नाही. चौतीस वर्षं तो छज्जा नुसत्या काँक्रीटच्या जोरावर लटकत होता आणि त्याच्यावर आमच्या शेजाऱ्यांच्या तुळशीच्या आणि कोरफडीच्या अकरा कुंड्या होत्या.

पाण्याचं विचारलं तर मुकादम गप्प झाला, मग म्हणाला, "पाणी तर घालायचोच." पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला एम-१५ला जास्तीत जास्त ३२ लिटर पाणी, रेतीत असलेलं धरून. एवढ्या पाण्याचा माल घट्ट असतो, घमेल्यातून सुटत नाही, फळ्यांत पसरत नाही. मिक्सरवाल्याने आणखी अर्धी बादली टाकली की माल खिरीसारखा पळतो. कामगारांना मजुरी स्लॅबची, दिवसाची नव्हे. स्लॅब सूर्य मावळायच्या आत संपला तर जिलेबी खाऊन घरी, नाहीतर पेट्रोमॅक्सवर रात्री. माल पळाला की काम पळतं. जास्तीचं पाणी पुढे वाळून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक नळ्या ठेवून जातं. त्याच नळ्यांतून पुढे खारी हवा आत जाते.

मी घरी येऊन हिला हे सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे चोरी कुणीच केली नाही?" सिमेंट कमी पडलं असणारच, ताकद ९ निघते ती उगाच नाही. १९८२पर्यंत सिमेंट परमिटवर होतं, पूर्ण मोकळं झालं १९८९ला. आमची इमारत मधल्या काळातली, खुल्या बाजारात सिमेंट महाग होतं, त्यातली एखादी गोणी कुठे गेली असेल तर गेली असेल. पण मी रोज जे बघत होतो त्यातली बहुतेक चूक चोरीची नव्हती. ज्याने त्याने आपला तो दिवस सोपा केला होता.

हे फक्त गवंड्यांचं नाही. नकाशा काढणाऱ्याने दोन फ्लॅटच्या मध्ये पाइपांसाठी जो डक्ट ठेवलाय तो दोन फूट रुंद आहे. त्यात संडासाचे, नहाणीचे, पावसाचे असे बिडाचे पाच पाइप. उरलेल्या जागेत मांजर जातं, प्लंबर जात नाही. त्यामुळे चौतीस वर्षांत त्या पाइपांचे सांधे कुणी हात लावून पाहिलेले नाहीत. चौथ्या मजल्याच्या सांध्यात पिंपळ उगवला होता, त्याची मुळं दोन मजले खाली आली होती. डक्ट तीन फूट केला असता तर प्रत्येक घराचं स्वयंपाकघर सहा इंच कमी झालं असतं, आणि १९८८मध्ये फ्लॅट बुक करायला आम्हीच टेप घेऊन आलो होतो. डक्ट किती रुंद आहे हे वीसपैकी एकानेही विचारलं नव्हतं. सगळे कॉलम नऊ इंची आहेत, तेही तसंच. भिंतीत लपावेत, खोलीत कोपरा दिसू नये म्हणून. नऊ इंचांत दोन्हीकडचं कव्हर वजा केलं आणि मध्ये सळयांची गर्दी झाली की खडी खाली उतरणार कशी?

गच्चीवर गेल्यावर तर आमची कमिटीच सापडली. गच्ची गळते म्हणून १९९८मध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा केला होता. तो गळायला लागला म्हणून २००७मध्ये त्याच्यावर दुसरा. मूळचा बिल्डरचा धरून तीन थर. फोडून मोजले तर साडेदहा इंच. मॅडमनी वहीत हिशोब मांडून दाखवला. चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन, आणि माणसांनी वापरायच्या गच्चीला चल भार, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचं वजन, म्हणून धरतात दीडशे किलो. म्हणजे गच्चीभर कायम माणसं उभी करून ठेवल्यापेक्षा जास्त. २००७ला मी खजिनदार होतो. जुना काढून नवा करायचा दर आणि जुन्यावर नवा करायचा दर यांत एक लाखाचा फरक होता. मी दुसऱ्या दरावर टिक मारली होती. माझीच टिक, फाइलमध्ये आहे.

पण खरं गिळावं लागलं ते जानेवारीत. काकूंच्या बेडरूमवरचा स्लॅब खालून उघडत होते. मॅडम शिडीवर, मी खाली. त्यांनी टॉर्च एका बीमच्या कडेला धरला आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग विचारलं, "हे कोणी कापलं?"

बीमच्या खालच्या भागात चार इंची भोक होतं आणि त्यातून पांढरा पीव्हीसी पाइप गेला होता. भोकाच्या दोन्ही बाजूंना सळईची कापलेली टोकं, हेक्सॉने कापल्यासारखी सपाट. दोन सळया.

मी पाइप ओळखला. २००६ साली आमच्या सासूबाई राहायला आल्या. गुडघे गेलेले, खाली बसता येत नव्हतं. बाथरूम फोडून कमोड बसवला, नहाणी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. संडासाच्या पाइपाला उतार लागतो. बीमच्या खालून नेला असता तर काकूंच्या छताखाली फूटभर लोंबला असता, त्यांनी नको म्हटलं असतं. मिस्त्री म्हणाला, "बीममधून काढतो, आत जातं, कोणाला दिसणार पण नाही." मी त्या दिवशी बँकेत जायच्या घाईत होतो. म्हणालो, काढ. नहाणी हलवताना खालचा कोबाही छिन्नीने फोडला होता, त्यावर नवा वॉटरप्रूफिंगचा थर न करता सिमेंट ओतून टाइल लावल्या, कारण सासूबाई शनिवारी येणार होत्या आणि तो बुधवार होता. पंधरा वर्षं ते पाणी थेंबाथेंबाने काकूंच्या सळईवर पडत होतं. आणि मी मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बोट दाखवलं होतं.

२०१७ला २५ जुलैला घाटकोपरची इमारत पडली तेव्हा १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफार चालले होते. तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून मीच म्हणालो होतो की लोकांना अक्कल कशी नसते, इमारतीच्या हाडाला हात लावतात. काकूंनी ते ऐकलं होतं का मला माहीत नाही. आता त्या शिडीच्या बाजूला उभ्या होत्या. मी सांगितलं, "मॅडम, मी." काकू म्हणाल्या, "असू दे भाऊ, तुमच्या सासूबाई किती गोड होत्या." त्यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जाऊनही आलो. तिथल्या भाऊंनी चहा दिला. त्यांनी विषय काढला नाही, मीच काढला.

दुरुस्तीचं तंत्र मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. सैल काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशने लख्ख करायची, गंजविरोधी थर द्यायचा. जी सळई बरीच खाल्ली गेली तिच्या बाजूने नवीन बांधायची. मग बाँडिंगचा थर, आणि त्यावर पॉलिमर मॉर्टर, म्हणजे केमिकल घातलेला सिमेंटचा मसाला, किंवा तळमजल्याच्या कॉलमना चारही बाजूंनी मायक्रोकाँक्रीटचं, म्हणजे बारीक खडीच्या पातळ काँक्रीटचं, जॅकेट. जॅकेट प्रत्येक बाजूला तीन इंच वाढतं. काकूंचं लाकडी कपाट त्यामुळे आत बसेना, ते शेवटी सुताराकडून कापून घेतलं, सोसायटीच्या खर्चाने. माझ्या बीमला मॅडमनी वेगळं डिझाइन करून दिलं, नवीन सळया केमिकलने दोन्ही कॉलममध्ये अडकवल्या, पाइप बीमखालून नेला. तो आता काकूंच्या छताखाली लोंबतो. त्यांनी नको म्हटलं नाही.

मला लिहायचं ते वेगळंच. मार्चमध्ये दुपारी दीडला मी पार्किंगमध्ये उतरलो. पॉलिमर मॉर्टर कालवणारा पोरगा एकटाच होता, विशीचा. पाण्यासाठी मॅडमनी रेघा मारलेला डबा दिला होता. त्याने डबा ओतला, घोटलं, आणि इकडेतिकडे बघून बाजूच्या बादलीतून एक मग आणखी टाकला. मी ओरडलो. तो दचकला. म्हणाला, "काका, ऊन लय झालं, घट्ट होतंय, थापी फिरत नाही." ठेकेदार त्याला चौरस फुटावर पैसे देतो. मी तो माल फेकून द्यायला लावला. ठेकेदाराने त्याचे पैसे पोराच्या मजुरीतून कापायला काढले, मग मी भांडून ते सोसायटीच्या खात्यावर टाकायला लावले. दुसऱ्या दिवसापासून कालवायचं काम दहाच्या आत आणि चारनंतर ठेवलं, सावलीला ताडपत्री बांधली. ताडपत्रीला साडेतीन हजार लागले. कमिटीतल्या एकाने ते बिल विचारलं. मी सांगितलं, चौकशी करायची तर करा.

क्युरिंग, म्हणजे नवा माल ओला ठेवणं, त्यावरूनही असंच. नुसतं पाणी शिंपडून जमत नाही, गोणपाट गुंडाळून ते सात दिवस ओलं ठेवावं लागतं. आता गोणपाट कॉलमच्या बाहेर होतं. माझ्या नातवाने ते पाहिलं आणि विचारलं की पिलरला ताप आलाय का.

मे महिन्यात आमचं बाथरूम पुन्हा फोडलं, या वेळी माझ्या पैशाने. खालपर्यंत सगळा कोबा काढला, नवा थर, पाइपांच्या भोवती ग्राउटिंग, टाइल लावायच्या आधी पाणी साठवून परीक्षा. नहाणीच्या तोंडाला चिंधी बांधून चार इंच पाणी भरलं, भिंतीवर खडूची रेघ मारली, आणि ४८ तास आम्ही वरच्या मजल्यावर आंघोळीला गेलो. खाली काकूंनी मॅडमना न विचारता स्वतःची परीक्षा लावली होती. स्टुलावर चढून छताला वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं, कडेने चिकटपट्टी लावून.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर पाणी खडूच्या रेघेच्या एक सूत खाली गेलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या, एवढं उडून जातं, खालचं छत बघा. खाली गेलो. काकूंनी चिकटपट्टी सोडवली, कागद दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला, गालाला लावून पाहिला. कोरडा होता. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला, आणि म्हणाल्या, "पावसाळा जाऊ दे भाऊ, रंगाचं मग बघू."